अण्णांच्या दुकानातला हिरवा अ‍ॅमेझोनाइट

आमच्या प्रभादेवीच्या रत्नांच्या दुकानात किस्से शोधायला लागत नाहीत, गिऱ्हाईकच घेऊन येतं! मध्यंतरी मालकांचं, म्हणजे अण्णांचं, परळला बायपासचं ऑपरेशन होतं. ऑपरेशन थिएटरबाहेर त्यांच्या बायकोचा, आमच्या काकूंचा, जीव टांगणीला लागलेला. त्यांचं मन रमावं म्हणून मी एकेक सांगत सुटले.

*

अ‍ॅमेझोनाइट म्हणजे निळसर हिरवा दगड, अंगावर दुधी रेघा. मन शांत करतो, असं इंटरनेटवर वाचून लोक येतात. अण्णा म्हणतात, "रंग छान आहे, आपटलात तर फुटेल. बाकी मला माहीत नाही." निम्मे लोक तिथूनच शेजारच्या दुकानात जातात.

*

नायगावच्या एका रिटायर्ड हवालदारांनी तो बायकोचा राग जावा म्हणून नेला आणि आठवड्यात परत आणला. म्हणाले, "आता ती चिडतच नाही हो. काही बोललं की गालात हसते. मला घरात भीती वाटते!"

संध्याकाळी बायको येऊन तोच दगड घेऊन गेली.

*

दादरच्या एका ताईंनी गौरींच्या आधी सगळे दागिने रिठ्याच्या पाण्यात उकळले आणि तसेच गरम असताना गार पाण्याच्या नळाखाली धरले. पेंडंटचा दगड तडकून दोन तुकडे! खोटा माल दिला म्हणून भांडायला आल्या. अण्णांनी भिंगातून तुकडे दाखवले. या दगडाला आतून सपाट पापुद्रे असतात, त्यामुळे तो सरळ फुटतो. काच अशी फुटली नसती. म्हणजे माल अस्सलच.

ताई एकदम खूश. दोन तुकड्यांची कानातली करून घेतली!

*

एवढ्यात सिस्टर आल्या. ऑपरेशन नीट झालं होतं. काकू आधी रडल्या, मग हसल्या. मलाही रडू आलं.

वॉर्डातला पलंग आवरताना अण्णांच्या उशीखाली सापडले म्हणून सिस्टरनी दोन अ‍ॅमेझोनाइट काकूंच्या हातावर ठेवले. काकू ओशाळल्या. नीलम घेण्याआधी लोक उशाखाली ठेवून बघतात, तसा एक त्यांनी गुपचूप ठेवला होता. दुसरा त्यांचा नव्हता. तो आमच्या काउंटरवरचा, मी रेघांवरून ओळखला.

अण्णा बोलायला लागल्यावर काकूंनी विचारलं. ते छताकडे बघत म्हणाले, "खिशात राहिला असेल."

काकूंनी त्यांच्या बिनखिशाच्या हॉस्पिटलच्या गाऊनची बाही सारखी केली.

"असेल," त्या म्हणाल्या.