आमच्या घरात खाडा नव्हता

विमानात काम करणाऱ्या मुलींची खरी कमाई जमिनीवर होत नाही, हे नोकरी लागेपर्यंत मला कुणी सांगितलं नव्हतं. महिन्याला ठरलेला एक तुकडा मिळतो. त्यात मुंबईत चौघींत मिळून घेतलेली एक खोली आणि कंपनीला हव्या त्या रंगाची लिपस्टिक भागते. बाकी सगळे पैसे उडण्याच्या तासांचे. तास मोजायला लागतात ते विमान जागेवरून हललं की. त्याच्या कितीतरी आधी हजर व्हा, नखं, अंबाडा, वजन तपासून घ्या, लोकांच्या बॅगा वर कोंबा, हसा, हे सगळं फुकट. विमानाला उशीर झाला की उघड्या दारापाशी उभं राहून लोकांचा राग झेला, तोही फुकट.

आईला हे सांगितलं तर तिला काडीचं नवल वाटलं नाही.

"मंग? आमाला तरी उसाच्या फडापातूर चालायचं कोन देतंय? टन भरला तर पैसं."

माझे आईवडील ऊसतोड करायचे. आमचं गाव तिसगावच्या जवळ. दसरा झाला की निम्म्या गावाला कुलपं लागतात आणि माणसं कोयते घेऊन बाहेर पडतात. तोडीच्या हिशोबात नवराबायको मिळून एकच कोयता धरतात. दोघांतलं कुणी आजारी पडून बसलं की तो खाडा, आणि खाड्याचे पैसे मुकादम कापून घेतो. आईने अंगात ताप असताना ऊस तोडलाय, मी पोटात असताना मोळ्या वाहिल्यात. पुढे दर महिन्याला पोटात दुखून खाडे व्हायला लागले तेव्हा तिने पिशवीच काढून टाकली. तेव्हा ती आजच्या माझ्याहून फार मोठी नव्हती. अजूनही ती त्याबद्दल दाढ काढल्यासारखं बोलते. दुसऱ्या घरांत पोरांचे मार्क ज्या तोऱ्यात सांगतात, त्या तोऱ्यात आमच्याकडे सांगायचे, "आमच्या कोयत्याला खाडा न्हाई."

मी वसतिगृहात राहून शिकले, आणि नोकरीत जरा बूड टेकल्यावर घरी सांगून टाकलं की आता तोडीला जायचं बंद.  वडील जाऊन मुकादमाला नाही म्हणून आले. आईने कोयत्यांना तेल लावलं, पोत्यात गुंडाळले आणि माळ्यावर ठेवले.

"टाकून का देत नाहीस?" मी विचारलं.

"लोखंड काय खायाला मागतंय व्हय?"

ते कोयते पुन्हा खाली येऊ द्यायचे नाहीत, एवढं एकच मी मनाशी धरलं होतं. बारा गावचं पाणी प्यायलेल्या प्रवाशांपुढे हसत उभं राहायला मला त्याच्यामुळेच जमायचं.

मग एका हिवाळ्यात मला सर्दी झाली. जमिनीवर सर्दीला कोण विचारतं? पण विमान उतरताना चोंदलेल्या कानावर दाब येतो आणि कान कायमचा जाऊ शकतो. आम्हाला हे शिकवलेलं होतं. सर्दी असेल तर उडू नये, असा नियमच होता. नियम फार चांगला होता. फक्त न उडलेल्या तासांचे पैसे नव्हते, आजारी असल्याचं कळवलं की नावापुढे नोंद पडायची, आणि माझा करार येत्या उन्हाळ्यात नव्याने व्हायचा होता. ड्यूटी लावणारी बाई फोनवर गोड आवाजात म्हणाली, "तुम्हीच ठरवा. आमची काही जबरदस्ती नाही."

मी आईला फोन लावला. तिने 'थांब' म्हणावं म्हणूनच लावला होता, हे आज कळतं.

"काढा पी अन् जा," ती म्हणाली. "सर्दीनं कुठं खाडा करत्यात का?"

तिला विमान काय ठाऊक? तिला काम ठाऊक होतं. आणि तिच्या पोटी जन्मलेल्या मलाही दुसरं काही ठाऊक नव्हतं. मी गेले.

नेमकं शिर्डीचं विमान, आमच्याच जिल्ह्यात उतरणारं. खिडकीखाली उसाचे हिरवे तुकडे दिसायला लागले आणि डाव्या कानात कुणी दाभण खुपसावं तसं झालं. मी पट्टा बांधून लोकांकडे तोंड करून बसले होते, त्यामुळे ओरडायची सोय नव्हती. आत काहीतरी सुटल्यासारखं झालं आणि सगळं गरगर फिरायला लागलं. उतरल्यावर मी दार धरून उभी राहिले आणि एकेकाला नमस्कार केला. दर्शनाला आलेली एक म्हातारी डावीकडून येऊन काहीतरी म्हणाली. तिचे ओठ हललेले दिसले. मी हसले. परतीला दुसरी मुलगी कुठून आणणार, म्हणून त्याच विमानाने मी परत मुंबईला उडाले, आणि कानात जे काही शिल्लक होतं ते त्या उतरण्यात गेलं.

आतल्या कानालाच इजा झालीय, डॉक्टर म्हणाले. ऐकू येणं परत येणार नाही, तोल जाईल, गोळ्या चालू ठेवा. कंपनीने मला जमिनीवर ठेवलं, म्हणजे पुन्हा तो तुकडा. उन्हाळ्यात करार संपला. काढलं कुणीच नाही, नवा केला नाही इतकंच. हे कामावर झालं ना, असं मी विचारलं. त्यावर उत्तर आलं की सर्दीत उडायचं नाही असा नियम आहे, तो तुम्ही मोडलात. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मुकादमाने निदान तोंडावर शिव्या दिल्या असत्या.

गावी परत आले. सुप्याला एका कारखान्याच्या ऑफिसात नोकरी विचारून आले. कळवतो म्हणाले. सर्दीच्या वेळच्या त्या फोनबद्दल आई काही बोलली नाही, मीही नाही. मला तिचा राग होता. पिशवीपर्यंत सगळं देऊन बसलेल्या बाईवर रागवायचं कसं, तेही कळत नव्हतं. ती मात्र माझ्याशी बोलताना उजव्या बाजूलाच बसायला लागली, आणि खाडा हा शब्द तिच्या तोंडी पुन्हा आला नाही.

दसऱ्याच्या आधी वडील मुकादमाकडून उचल घेऊन आले. ते पैसे घेतले म्हणजे तोडीला जाणं आलंच. मी भांडले, रडले. आईने माळ्यावरचं पोतं काढलं आणि कोयते अंगणातल्या दगडावर घासायला बसली. त्या पाठीने आता मोळी उचलवत नाही, हे मला दिसत होतं, तिलाही माहीत होतं.

ट्रक आला. भांडी, गोधड्या चढल्या, वडील चढले, आई चढली. मी खाली उभी होते. गाडी सुरू झाल्यावर तिने ड्रायव्हरला हाका मारून थांबवलं, खाली उतरली आणि माझ्या डावीकडून येता येता वळसा घालून उजवीकडे आली.

"डाक्टरच्या गोळ्या येळच्या येळी घेत जा," ती कानाशी म्हणाली. "एक दिस बी खाडा करू नगं."

बोलून गेली आणि थबकली. माझ्याकडे बघितलं नाही. तशीच पाठ फिरवून ट्रककडे गेली, आणि वडिलांनी हात देऊन तिला वर घेतलं.