जलालचाचांचं ऑर्कुट

भोरच्या एसटी स्टँडसमोर माझा सायबर कॅफे होता. आता तो कॅफेही नाही आणि फेसबुकाआधीचं ते ऑर्कुटही नाही. पण तिथून जाताना अजून जीव हळहळतो, खरंच सांगते.

शेजारच्या गाळ्यात जलालचाचा बँडवाल्यांची क्लॅरिनेट दुरुस्त करायचे. लग्नांत डीजे शिरला आणि त्यांचं काम आटलं. पोरगा मागं लागला, "अब्बा, दिवाळीपतुर बघा, न्हाईतर गाळा सोडा."

मग मीच त्यांना ऑर्कुटवर घातलं, बँडवाल्यांचा ग्रुप शोधून दिला. ते सांगायचे, मी टाइप करायचे. पहिला मेसेज कराडच्या मानसिंग बँडमास्तरांना.

"लिव सुलक्षणा. घरी समदी बरी हायेत का? आईची तब्येत कशी हाय? जेवलात का?"

"आन् कामाचं?"

"वळख न्हाई, पाळख न्हाई, लगेच कामाचं काढत्यात व्हय?"

अगं बाई! दर शुक्रवारी नमाज उरकून आले की हेच. मानसिंगच्या आईचा गुडघा, तिकडचा पाऊस, धाकटीची दहावी. मी वैतागायचे, "चाचा, इंटरनेटवर असं कुणी इचारत न्हाई! लोकं हसतील." दिवाळी तोंडावर आली होती आणि हा माणूस गुडघ्याला निरगुडीचा पाला बांधायला सांगत होता!

एका शुक्रवारी मानसिंगचं उत्तर आलं. "आई गेली." एवढंच. चाचा स्टुलावरून उठले. मग म्हणाले, "कराडला गाडी कवा हाय गं?"

"चाचा, तुमी त्यांना कदी बघितलं बी न्हाई!"

"इतके दिस गुडघा इचारला. आता दारात जाऊ नको?"

गेले. परत आल्यावर मी विचारलं, कामाचं बोललात का? तर माझ्यावरच डाफरले, "मयताच्या घरी?" मी कपाळावर हात मारून घेतला.

दिवाळी उलटली, शेवटी चाचांनी गाळा आवरायला घेतला. मी खोकी भरू लागले. मला तर रडूच येत होतं.

तेवढ्यात एसटीतून तिघं उतरले. खांद्याला कापडी पिशव्या, आत क्लॅरिनेट. त्यातल्या म्हाताऱ्यानं पायरीवर चप्पल काढली.

"मानसिंगनं धाडलंय. तुमीच जलालचाचा न्हवं? घरी समदी बरी हायेत का?"

चाचांनी खोकं सरकवून जागा केली. म्हाताऱ्यानं पिशवी उघडलीच नाही. तो शेजारी टेकला.

"जेवलात का?"

मीच सांगितलं, "न्हाई वो. कालपासनं न्हाई जेवले."