पणजीच्या फोटोचे सहा कागद

मुलांनो, गेल्या आठवड्यात आजोबांचा कॉम्प्युटर कायमचा बंद पडला. आतलं आता काही निघणार नाही, असं दुरुस्तीवाला सांगून गेला. तेव्हा माझ्या डोक्यात जे आहे ते आजच लिहून ठेवते. तुमच्या आईलाही यातलं अर्धंच ठाऊक आहे.

वेस्ट मांबलमच्या याच फ्लॅटमधली गोष्ट. काचबिंदूने आजोबांची नजर चालली होती. उरलेली काही महिने टिकेल, असं डॉक्टर म्हणाले होते. आजोबांना तेवढ्यात एकच गोष्ट बघायची होती: एन्नोरच्या किनाऱ्यावर त्यांनी स्वतः काढलेला त्यांच्या आईचा फोटो, नीट छापलेला. निगेटिव्ह इथल्या दमट हवेत आंबूस वास सुटून आक्रसली होती, पण त्याआधी ती स्कॅन झाली होती.

फोटो काळा-पांढरा. सासूबाईंची साडी अरक्कू, म्हणजे गडद लाखेच्या रंगाची, त्यामुळे फोटोत जवळजवळ काळी. आधी स्टुडिओतून करून घेतलेल्या प्रिंटमध्ये तिचा नुसता डाग झाला होता. आजोबांना तिच्या निऱ्या दिसायला हव्या होत्या.

मैलापूरच्या एका म्हाताऱ्या लॅबवाल्याने जाड, बिनचमकीच्या कागदाचे उरलेले सहा ताव दिले. तो कागद बाजारात यायचा थांबला होता. सोबत सीडीवर प्रोफाइल नावाची फाइल दिली, खास त्या कागदासाठी आणि आमच्या प्रिंटरसाठी. ती लावली की छापल्यावर फोटो कसा दिसेल ते स्क्रीनवर आधीच कळतं. दाट काळा जरा राखाडी होतो, पांढरा मळकट दिसतो.

माउस माझ्या हातात असे, नजर त्यांची.

"अगं, काही दिसत नाही," ते म्हणत. मी स्क्रीनचा उजेड वाढवी. कितीवर नेला ते वहीत लिहून ठेवी. मला सवयच तशी.

"आता फिकट वाटतंय. सावल्या खाली आण."

मी फोटोतल्या सावल्या गडद करी. प्रिंट काळाकुट्ट येई. मग ते प्रोफाइलला शिव्या देत, प्रिंटरला देत, शेवटी मला. असे पाच कागद गेले. पाचव्याला ते खुर्चीत तोंड झाकून बसले आणि मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच गॅस पुसत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी लॅबवाल्याला बोलावलं. स्क्रीन बघून तो तमिळमध्ये म्हणाला, "अम्मा, हा स्क्रीन आहे की शूटिंगचा दिवा?"

त्याने एक कोरा कागद स्क्रीनशेजारी धरला आणि दोन्हींचा पांढरा सारखा दिसेपर्यंत उजेड खाली आणला. आजोबांना दिसावं म्हणून मी वाढवत गेलेला उजेड आम्हाला फसवत होता.

"म्हणजे पाच कागद तू वाया घालवलेस," आजोबा म्हणाले.

"एकटीने नाही. सावल्या खाली आण म्हणून कोण ओरडत होतं?"

पण त्या खऱ्या उजेडात त्यांना स्क्रीन दिसेचना. लॅबवाला गेल्यावर ते डोळे मिटून माझ्या शेजारी बसले. मी सावल्या हळूहळू उजळत गेले.

"निऱ्या मोज."

"सात."

"नक्की?"

"सातवी पदराखाली अर्धीच आहे."

"छाप."

सहावा कागद बाहेर आला. मला रडू फुटलं, कारण सासूबाई तिथे उभ्या होत्या, वाऱ्याने निऱ्या एका बाजूला झुकलेल्या. आजोबा तो बाल्कनीत घेऊन गेले. भर दुपारच्या उन्हात त्यांनी तो कितीदा वाकडातिकडा केला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला.

"परत काळाच," ते म्हणाले.

"नाही हो. शपथ घेते. सातही निऱ्या आहेत."

"माझं मन राखू नकोस."

मी लॅबवाल्याला फोन लावला, त्याला संध्याकाळी प्रिंट दाखवला, त्याच्याकडून वदवलं. "त्यालाही तूच पढवलं असशील," ते म्हणाले. त्यानंतर त्यांनी फोटोचा विषय काढू दिला नाही. मी काढला की उठून जात. पुढे त्यांना उजेडही कळेनासा झाला. शेवटपर्यंत त्यांना वाटत राहिलं की तो फोटो नीट छापला गेलाच नाही.

निगेटिव्ह चिकटून गेली, ती मी टाकली. स्कॅन कॉम्प्युटरबरोबर गेलं. माझ्या कपाटात पाच काळे प्रिंट आहेत आणि एक बरोबर आलेला आहे.