खुंटीवरचा पाव

जर्मनीत ड्युसबर्गच्या हॅम्बोर्न भागात आमची तुर्की बेकरी आहे. काउंटरमागे एक लाकडी खुंटी आणि खुंटीला कापडी पिशवी. ज्याला द्यायचं असतं तो स्वतःच्या पावाबरोबर आणखी एका पावाचे पैसे ठेवतो. मी तो पिशवीत टाकते. ज्याला हवा असतो तो येऊन विचारतो, खुंटीवर काही आहे का? असेल तर देते. घेणाऱ्याला देणारा ठाऊक नसतो, देणाऱ्याला घेणारा. दोघांना ओळखते ती मी एकटी, आणि हे सोपं नाही हे मला फार उशिरा कळलं.

सेनिहा मावशी रोज शटर वर जाताच पहिली यायची. तिचा नवरा कोळशाच्या खाणीत होता. छातीत धूळ साठून गेला. त्याच्या मृत्यूनंतर चाळिसाव्या दिवशी तिने बांगड्या विकून दूरच्या कुठल्याशा कोरड्या देशात विहीर खणायला पैसे दिले. आठवडाभर तिला हलकं वाटलं. मग घर पुन्हा तेवढंच रिकामं झालं. मशिदीतले होजा तिला म्हणाले, थोडं दे, पण रोज दे.

ते तिला विहिरीपेक्षा जड गेलं. पहिल्या वर्षी ती विसरायची आणि संध्याकाळी मी शटर ओढत असताना धापा टाकत यायची. मी म्हणायचे, "मावशी, पुण्य लिहिणारे फरिश्ते घरी गेले."

"बोलाव परत," ती म्हणायची. "आणि शटर वर घे."

शेवटी तिने स्वतःला एक अट घातली : खुंटीवर पाव लागल्याशिवाय घरचा पाव कापायचा नाही. भुकेनेच तिला सवय लावली. पुढे ती सवय इतकी मुरली की तिला वेगळीच भीती वाटू लागली. एकदा म्हणाली, आता हात आपोआप पर्स उघडतो. त्या वेळी मी मनाने तिथे असते की नाही कोण जाणे.

त्या जानेवारीत फुटपाथवर बर्फ गोठला होता. गुडघा सुजल्यामुळे ती एक दिवस पहाटे न येता दहा वाजता आली. काउंटरपाशी शाकिर उस्ता उभे होते आणि खुंटीवर काही आहे का, हा त्यांचा प्रश्न नुकताच विचारून झाला होता.

शाकिर उस्ता तिच्या नवऱ्याचे खाणीतले जोडीदार; जुने कसबी म्हणून सगळे त्यांना उस्ता म्हणतात. जनाज्याला पहिला खांदा त्यांचा होता. त्यांची निम्म्याहून जास्त पेन्शन गावाकडे, मुलीच्या आजारपणात जाते हे मला माहीत होतं, मावशीला नव्हतं. अशा वेळी आमच्यात माणूस काही न पाहिल्यासारखं करून शेल्फाकडे बघत राहतो. मावशीही बघत राहिली. उस्तांनी पाव कोटाखाली घेतला आणि निघून गेले. इथवर काही बिघडलं नव्हतं.

बिघडलं ते संध्याकाळी. मावशीने पातेलंभर मसुराचं सूप केलं, त्यात मटण घातलं आणि शेजारणीच्या हाती उस्तांकडे पाठवलं. आमच्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत जात नाही. हे पोराटोरांना कळतं, तिलाही कळत होतं. पण कळवळ्यात ती विसरली. तीन दिवसांनी पातेलं परत आलं, पिस्त्याच्या लोकुम मिठाईने काठोकाठ भरलेलं, चांगल्या दुकानातल्या.

तिने ते तसंच आणून माझ्यापुढे ठेवलं. "हे आणायला त्याने किती वेळा पोट मारलं असेल, नेव्हिन?"



त्यानंतर उस्ता खुंटीकडे फिरकले नाहीत. शुक्रवारी नमाजाआधी खिडकीजवळच्या टेबलाशी जुनी खाणकामगार मंडळी चहाला बसतात, तिथे मात्र यायचे. कुणी सिमित, तिळाच्या पावाचं कडं, पुढे केलं तर म्हणायचे, आत्ताच खाऊन आलो. आठवड्यागणिक शर्टाची कॉलर मानेभोवती सैल होत चालली होती. मावशी म्हणाली, तूच गुपचूप नेऊन दे. मी नाही म्हटलं. माझ्या हातामागे त्यांना तिचाच हात दिसला असता.

एका पहाटे पैसे ठेवताना ती म्हणाली, "एवढी वर्षं रोज दिलं. माझं काय गेलं? काहीच नाही." मला वाटलं, ही आता देणं सोडणार.

त्या शुक्रवारी टेबल भरलेलं असताना ती पुन्हा आली. अंगात चांगला कोट. कुणाकडे न बघता, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तिने विचारलं, "नेव्हिन, खुंटीवर काही आहे का?"

चहातले चमचे थांबले. पिशवीतला पाव तिनेच पहाटे ठेवलेला होता. मी तो काढून दिला. तिने दोन्ही हातांनी घेतला, देणाऱ्याचं अल्ला भलं करो म्हणाली आणि गेली.

संध्याकाळपर्यंत मोहल्ल्यात बोभाटा झाला. कुणी तिच्या दारात दही ठेवून गेलं. कोलोनहून तिच्या मुलाचा फोन आला : आई, तू मला तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस. तिने त्याला कारण सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते उस्तांपर्यंत पोचलं असतं. गरज नसताना घेणं बरोबर आहे का, असं मीही विचारलं.

"त्याचा जाब मी देईन," ती म्हणाली. मग जरा थांबून, "उतरत नाही गं तो पाव घशाखाली."

पुढचे दोन शुक्रवार ती तशीच आली, तसंच मागितलं.

मग एका मंगळवारी दुकानात कुणी नसताना शाकिर उस्ता आले. कोटाची सगळी बटणं लावलेली. काउंटरवर हात ठेवून त्यांनी विचारलं, खुंटीवर काही आहे का? पिशवीत दोन पाव होते. मी दोन्ही पुढे केले. त्यांनी एक घेतला, दुसरा माझ्याकडे सरकवला.

"हा राहू दे. सेनिहावहिनींना लागेल." दाराशी जाऊन वळले. "मी म्हटलं म्हणून सांगू नकोस. मुलगा बघत नाही वाटतं त्यांच्याकडे."

दुसऱ्या दिवशी पहाटे मावशीने नेहमीसारखे दोन पावांचे पैसे ठेवले. मला नाव सांगता येत नव्हतं. मी कालचा पाव तिच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, कुणीतरी तुझ्यासाठी मागे ठेवलाय.

कोणी, असं तिने विचारलं नाही. खिडकीजवळच्या टेबलाशी जाऊन बसली, पावाचं टोक मोडलं आणि सावकाश, सगळा पाव संपेपर्यंत खात राहिली.