धोंड्याच्या महिन्यातला मैलभर

पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी मोरेश्वर मास्तर पांढुर्ण्याहून तिगावला जाणाऱ्या रस्त्यानं धावत होता आणि त्याचं पोट अर्ध्या पावलानं मागून येत होतं. खाकी चड्डीवर ते ओल्या कणकेसारखं आपटायचं. त्या आवाजाची त्याला शिसारी यायची.

समोरून चिंधू गवळी आला. मास्तरला पाहून त्यानं दुधाची बरणी खाली ठेवली.

"कोन गेलं, मास्तर?"

"कोणी नाही."

"मंग पयून काहून राहिले?"

मास्तर थांबला नाही. या गावात माणूस धावला म्हणजे कोणाच्या तरी घरी आग लागलेली असते, नाहीतर प्रेत असतं. पहिल्या आठवड्यात तर दोघं जण त्याच्या मागे रेल्वेफाटकापर्यंत धावत आले होते.

१९५८ सालची ही गोष्ट. मास्तरची नेमणूक जुनी, नागपूरच्या राजवटीतली. पुढं नागपूर मुंबई राज्यात गेलं, पांढुर्णा मध्यप्रदेशात राहिलं आणि मास्तर हंगामी ड्रिलमास्तरच राहिला. आता शाळेच्या मंडळानं ठरवलं होतं, की कायम व्हायचं असेल तर पुढच्या रविवारी डॉक्टरासमोर न थांबता मैलभर धावून दाखवायचं. धाप लागून बसला तो घरी बसला. मास्तरनं कैक वर्षं खुर्चीत बसून शिट्टी फुंकली होती. मुलं धावायची, तो शेंगदाणे खायचा.

आता तो ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी आणि ताक, एवढ्यावर होता. कमरेचा पट्टा दोन भोकं आत आला होता.

आणि नेमका अधिक श्रावण आला. धोंड्याचा महिना. या महिन्यात जावयाला जेवू घालायचं म्हणून सौंसरहून सासऱ्यांचा, बापूजींचा सांगावा आला. धावून दाखवायच्या आधीच्या रविवारी मास्तर बायकोला, उषाला, घेऊन बसनं गेला.

सासूबाईंनी, कलाबाईंनी, तांब्याच्या ताटात तेहतीस अनारसे मांडले होते, मधोमध दिवा. पानात पुरणाचे धोंडे आणि त्यांवर तूप, इतकं की धोंडे बुडाले. तूप थिजत होतं, त्यावर माशी बसली. शेजारी थोरला साडू हेमंत मनगटापर्यंत हात माखून जेवत होता. तो घास गिळायचा तेव्हा त्याच्या हनुवटीखालची दुसरी हनुवटी हलायची. मास्तरला वाटलं, आपण आरशासमोर बसलो आहोत.

"मला भाकर द्या," तो म्हणाला.

ओसरीवरच्या पंगतीनं माना वळवल्या.

"भाकर?" कलाबाईंचा हात वाटीवरच राहिला. "जावईबुवा, आमच्या हातानं काही चुकलं काय?"

"नाही, धावायचं आहे मला."

"घ्या!" हेमंत बोटं चाटत म्हणाला. "मास्तर सासऱ्याच्या अंगनातून पयून राहिले!"

बापूजी हसले नाहीत. ते कलाबाईंना बाजूला घेऊन बोलले, पण सगळ्यांना ऐकू आलं. "थोरल्याले सायकल देल्ली होती, यायले नाही देल्ली. तेच सलून राहिलं. रुसले."

"रुसलो नाही, बापूजी," मास्तर म्हणाला.

"रुसलेला मानूस असंच म्हनते."

कलाबाईंनी एक धोंडा उचलून त्याच्या तोंडात कोंबला. जावयानं सासूचा घास नाकारायचा नसतो. तुपाचा गिळगिळीत गोळा जिभेवर बसला. मास्तर उठला आणि मागच्या मोरीत तो थुंकून आला. उषा दारात उभी होती. तिनं पाहिलं आणि पाण्याचा तांब्या पुढं केला.

बस निघायच्या आधी बापूजींनी नवी हिरवी सायकल अड्ड्यावर आणून टपावर चढवली. "आता पायी धावाचं काम नाही," ते म्हणाले. सगळ्यांचं समाधान झालं होतं. अनारशांचा डबा उषाच्या मांडीवर होता. तूप झिरपून तिच्या लुगड्यावर डाग पडला.

पांढुर्ण्याला उतरल्यावर मास्तर सायकलीकडे बघत राहिला. "ही परत केली तर?"

"तर मोटार मागून राहिले म्हनतीन," उषा म्हणाली. तिनं सायकलीला कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली आणि अनारसे शेजारच्या घरी दिले. "पुढच्या रविवारी बसून नका राहू म्हंजे झालं."

उद्या सोमवार. शाळा साडेदहाला भरते. मास्तर पाच वाजून दहा मिनिटांनी तिगावच्या रस्त्याला लागेल, पायी.