लवकर उठणारी सून

पोटुशी होते तेव्हा अमरावतीला सासरी माझं एकच कौतुक व्हायचं. सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "आमच्या सुनेले उठवा लागत नाही. मी उठाच्या आधी इचा सडा-झाडू झाला रायते."

मी झोपलेलीच नसायचे, हे त्यांना ठाऊक नव्हतं. आडवी झाले की पोटऱ्यांच्या आत काहीतरी वळवळायचं. पाय हलवले की थांबायचं, ठेवले की पुन्हा सुरू. त्यापेक्षा उठून कामाला लागणं सोपं वाटे.

तपासणीत डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "झोप येते का?" माझ्या आधी सासूबाई बोलल्या, "मस्त येते. कामाले वाघ आहे." मी खाली पाहिलं.

हळूहळू कशाचंच काही वाटेनासं झालं. भाजी करपल्याचा वास यायचा, पण हात हलायचा नाही. बाळ फिरायचं, तेही दुसऱ्या कोणाच्या पोटात फिरावं तसं. माझं असंच राहिलं तर त्याचं काय होईल, एवढी एक भीती होती. तीही बोथट.

सातवा सरल्यावर अकोल्याला माहेरी आले. आईने पहिल्या जेवणालाच विचारलं, "उभ्यानं काहून जेवून राहिली वं?"

"बसलं की पाय वळवळतात."

"अन् झोप?"

मी ताट ठेवायला वळले. तिने चप्पल घातली.

दवाखान्यात तिने सरळ सांगितलं, "इले झोपेची गोळी द्या." नर्सने तिला बाहेर बसवलं आणि मला विचारलं, "रक्तवाढीच्या गोळ्या घेते ना?"

"रोज."

"कशासंग?"

"चहासंग."

"घ्या! चहा त्या गोळीले अंगी लागू देईन का?" ती हसली. मला हसू आलं नाही.

तपासलं तर रक्त फार कमी निघालं. पाय त्यानेच वळवळतात, डॉक्टर म्हणाले. झोपेची गोळी मनाने घ्यायची नाही, पोटात बाळ आहे. आधी सलाईनमधून रक्तवाढीचं औषध दिलं. पुढे गोळी सुरू केली ती लिंबूपाण्यासोबत, चहापासून लांब. निजताना डावी कूस आणि गुडघ्यांमध्ये उशी.

लगेच काही फरक पडला नाही. काही आठवड्यांनी एकदा ऊन डोळ्यांवर आलं तेव्हा जाग आली. नळ येऊन गेला होता. आमच्याकडे तो रोज येत नाही. आई एकटीच भरलेल्या ड्रमांवर झाकणं ठेवत होती.

"मला उठवलं काहून नाही?"

"पाणी भरल्या गेलं. तू पड."

मी पडले. आनंद झाला नाही, रडूही आलं नाही. पुन्हा डोळा लागला.