पेवात सोडलेला कंदील

हळदीचा उग्र वास आला की मला सांगलीजवळचं आमचं पेव आठवतं. पेव म्हणजे हळद साठवायचं जमिनीखालचं खोल कोठार. तोंड जेमतेम एक माणूस उतरेल एवढं. त्या दिवशी सकाळीच त्याच्या तोंडावरची माती काढली होती. दारात ट्रक उभा होता आणि काकानं उतरायला कमरेला दोर बांधलासुद्धा. तेवढ्यात नव्वदी ओलांडलेले आजोबा काठी टेकत आले आणि पेवाच्या तोंडाशीच फतकल मारून बसले. "आदी कंदील सोड." काका वैतागला, "आवं आबा, गाडी खोळंबलीय. सरका की बाजूला!" "मग मी उतरतो. माझं समदं जगून झालंय." काकानं रागारागानं कंदील खाली सोडला. तो माणसाच्या दुप्पट उंचीइतका खोल गेला आणि ज्योत गपकन विझली. आत श्वास घेण्याजोगी हवाच नव्हती. काकानं कमरेच्या दोराची गाठ सोडली. "माझा धाकटा भाऊ असाच घाईनं उतरला हुता," आजोबा एवढंच म्हणाले. परवा काकाची पंचाहत्तरी झाली. मी हळदकुंकू घेऊन ओवाळायला गेले, तर त्यानं माझा हात धरला. "पयलं आबांच्या फोटूला लाव. मग मला."